किनारी पाणथळ जागांतील स्पार्टिना गवत : लागवड आणि निर्मूलन यांचा इतिहास

प्रास्ताविक

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००४ पासून पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरण अभ्यास हा विषय सक्तीचा झाला आणि अनेक महाविद्यालयांत तो शिकविण्याची जबाबदारी भाषा विषयांच्या अध्यापकांवर येऊन पडली. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक आहे. या विषयाच्या पुस्तकांत ‘परकीय आक्रमक वनस्पती’ या मथळ्याखाली गाजरगवत, जलपर्णी, घाणेरी यांची नावे येतात, त्यांचे तोटे सांगितले जातात आणि त्या नष्ट कराव्यात असा उपदेश केला जातो. त्या कोणी आणल्या, कोणत्या हेतूने आणल्या आणि त्या काढताना काय घडले, हा इतिहास मात्र सहसा येत नाही. तो आला तर विद्यार्थ्यांना केवळ वनस्पतीविषयी नव्हे, तर माणसाच्या निर्णयांविषयीही काही शिकता येईल. प्रस्तुत लेखात स्पार्टिना या किनारी गवताच्या दोनशे वर्षांच्या प्रवासाचा या दृष्टीने आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

स्पार्टिना ही खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या गवतांची जात. भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात ती मूळ धरते. ज्या जमिनीला आपण कोकण-गोव्यात ‘खाजण’ म्हणतो, तशाच जमिनीत तिचे घर असते. जमिनीखालून आडवे पसरणारे खोड आणि माणसाच्या कमरेच्याही वर जाणारी ताठ पाती ही तिची ओळख. या दाट पात्यांत भरतीचे पाणी संथ होते, पाण्यातला गाळ खाली बसतो आणि हळूहळू जमीन वर येते. एखादे झाड जमिनीवर उगवते. स्पार्टिना मात्र स्वतःची जमीन स्वतः तयार करते. तिची सारी उपयुक्तता आणि सारा उपद्रव या एकाच गुणात आहे. (२०१४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी या जातीचा समावेश स्पोरोबोलस या मोठ्या जातीत करावा असे सुचविले, परंतु जुने नाव अजूनही सर्रास वापरले जात असल्यामुळे येथे तेच ठेवले आहे.)

साउदॅम्प्टनच्या खाडीत

या इतिहासाची सुरुवात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होते. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा हे गवत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत साउदॅम्प्टनच्या खाडीत पोहोचले. जहाजाचा तोल राखण्यासाठी तळाशी भरलेल्या माती-दगडांतून ते आले असावे, असे मानले जाते. तेथे स्पार्टिना मॅरिटिमा हे युरोपातले गवत आधीपासून होते. या दोहोंचा संकर झाला आणि १८७० मध्ये हाइथ या गावाजवळ एक नवेच गवत वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाती लागले. हा संकर वांझ होता. त्याला बी धरत नसे; तो केवळ मुळांच्या आधारे पसरत असे.

पुढच्या वीसेक वर्षांत मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. या वांझ संकराच्या पेशींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली आणि त्यामुळे त्याला बी धरू लागले. निसर्गात एक नवी प्रजाती माणसाच्या डोळ्यांदेखत जन्माला आली. तिला पुढे स्पार्टिना अँग्लिका असे नाव मिळाले. उत्क्रांती शिकविणाऱ्या अध्यापकांना हे उदाहरण परिचित असेल.

हे नवे गवत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साउदॅम्प्टन आणि पूल बंदराच्या चिखलावर झपाट्याने पसरले. पाहणाऱ्यांना त्यात शत्रू दिसला नाही, सेवक दिसला. किनाऱ्याची धूप थांबवणारे, समुद्राकडून जमीन मिळवून देणारे, वर गुरांना चाराही पुरविणारे गवत फुकट मिळत असेल, तर कोणाला नको होते? १९२४ ते १९३६ या काळात पूल बंदरातून त्याची सुमारे पावणेदोन लाख रोपे आणि बियांचे अनेक नमुने जगभर शंभराहून अधिक ठिकाणी पाठविण्यात आले. हॉलंड, जर्मनी, डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथील अभियंत्यांनी ते हौसेने लावले.

या सर्व उत्साहामागे एक गृहीतक होते. चिखल म्हणजे रिकामी, पडीक, वाया गेलेली जागा. तिच्यावर काहीही उगवले तरी तो फायदाच. प्रत्यक्षात उघडा चिखल रिकामा नसतो. त्यात किडे, शिंपले आणि खेकडे यांची दाट वस्ती असते आणि हजारो मैलांचा प्रवास करणारे तुतवार, कुरव यांसारखे पक्षी ओहोटीच्या काही तासांत त्यावरच पोट भरतात. गवताने चिखल झाकला की हे ताट बंद होते. ‘या चिखलावर कोण जगते?’ हा प्रश्न त्या काळी लागवड करणाऱ्यांनी फारसा विचारला नाही.

गंमत अशी की ज्या खाडीत हे गवत जन्मले, तेथेच १९२० च्या दशकापासून ते काही ठिकाणी आपोआप मरू लागले. स्वतःच साठवलेल्या बारीक, पाणी न निचरणाऱ्या गाळात त्याची मुळे कुजत गेली आणि गवत गेल्यावर साठलेला गाळही लाटांनी वाहून नेला. कायमची म्हणून मिळविलेली जमीन अशी पुन्हा समुद्राकडे गेली.

कालवांच्या पेट्यांतून

दुसरी घटना अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची आहे. वॉशिंग्टन राज्यातील विलापा उपसागर कालवांसाठी (म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांसाठी) प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील मूळची कालवे अतोनात काढली गेल्यामुळे संपत आली. रेल्वेमार्ग झाल्यावर अटलांटिक किनाऱ्यावरून कालवे मागवून ती येथे वाढविण्याचा उद्योग सुरू झाला. त्या पेट्यांबरोबर स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आले.

येथे कोणी ते लावले नव्हते आणि अनेक दशके ते कोणाच्या लक्षातही आले नाही. त्याची नेमकी ओळख पटण्यास १९४० चे दशक उजाडले. त्यानंतरही ते चिखलावर विखुरलेल्या गोल बेटांच्या रूपात शांतपणे वाढत राहिले. १९८० नंतर मात्र ही बेटे एकमेकांना मिळू लागली आणि २००३ च्या सुमारास सुमारे ८,५०० एकर चिखल हिरवागार झाला. शंभर वर्षे शांत असलेले गवत एकाएकी का उसळले? त्याचे उत्तर नंतरच्या संशोधनातून मिळाले. हे गवत वाऱ्यावर परागण करते. एकटे-दुकटे बेट असेल तर त्याला पुरेसे पराग मिळत नाहीत आणि बी जवळजवळ धरत नाही. बेटे जवळ आली की पराग मिळतात, बी वाढते आणि बी वाढले की बेटे आणखी जवळ येतात. म्हणजे जो काळ निरुपद्रवी वाटत होता, तोच खरे तर उपायाचा स्वस्त काळ होता.

वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने १९९५ मध्ये या गवताचा प्रश्न आणीबाणीचा मानून कायदा केला. उपाय अनेक झाले. रोपे उपटणे, कापणे, चिखलात चालणाऱ्या यंत्रांनी ती चिरडणे, लहान बेटांवर जाड कापड अंथरून त्यांचा प्रकाश बंद करणे, असे सर्व प्रयोग करून पाहण्यात आले. २००० मध्ये गवताचा रस शोषणारा प्रोकेलिसिया नावाचा छोटा कीटकही मुद्दाम सोडण्यात आला; पण त्याने निर्णायक काम केले नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक वापरताना दोन अडचणी येत. फवारणीनंतर पाने बराच वेळ कोरडी राहावी लागतात आणि भरती तर थांबत नाही. शिवाय पानांवर गाळ बसलेला असेल तर औषध त्या गाळालाच चिकटून निकामी होते. पुढे इमॅझापायर या दुसऱ्या तणनाशकाला परवानगी मिळाली आणि पारडे फिरले. दहाएक वर्षांत हजारो एकरांचे गवत इतके कमी झाले की उरलेली रोपे शोधत फिरावे लागू लागले. साफ झालेल्या चिखलावर पक्षीही परतले.

या यशाचे श्रेय केवळ औषधाला देता येत नाही. कालवांची शेती करणारे, जमीनमालक, राज्य आणि केंद्राची खाती यांनी एकाच वेळी संपूर्ण उपसागरात काम केले, हे तितकेच महत्त्वाचे होते. एका मालकाने आपला चिखल साफ करावा आणि शेजाऱ्याच्या चिखलातून बी वाहत यावे, अशा अवस्थेत कोणतेही औषध उपयोगी पडले नसते.

सॅन फ्रान्सिस्को : दुरुस्तीची दुरुस्ती

या इतिहासातील सर्वांत विचारप्रवर्तक प्रकरण सॅन फ्रान्सिस्को उपसागराचे आहे. १८५० नंतर या उपसागराच्या काठच्या बहुतेक खाऱ्या दलदली बांध घालून शेती, मिठागरे आणि वसाहती यांसाठी वापरण्यात आल्या. १९७० च्या दशकात ही चूक सुधारण्याची इच्छा निर्माण झाली. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने उपसागराच्या दक्षिण भागात दलदल पुन्हा उभी करण्याचा प्रयोग हाती घेतला आणि त्यासाठी अटलांटिक किनाऱ्यावरचे स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा लावले. हेतू निसर्गसंवर्धनाचा होता, हे येथे विसरता कामा नये.

तेथे स्पार्टिना फोलिओसा हे स्थानिक गवत होतेच. १९९० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी आनुवंशिक चाचण्यांच्या आधारे दाखवून दिले, की दोन्ही गवतांचा संकर झाला आहे आणि हा संकर दोन्ही आईबापांपेक्षा जोमदार आहे. साउदॅम्प्टनची गोष्ट थोड्या फरकाने पुन्हा घडली होती. येथील संकर वांझ नव्हता. तो चिखलात अधिक खोलवर उतरत होता, पराग विपुल उधळत होता आणि स्थानिक गवताच्या फुलांवर त्या परागांचा इतका मारा होत होता, की पुढच्या पिढ्यांत शुद्ध स्थानिक गवत उरेल की नाही, अशी भीती निर्माण झाली.

२००० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या किनारा संवर्धन संस्थेने यासाठी स्वतंत्र प्रकल्प सुरू केला. गवताचे एकूण क्षेत्र शिखरावर असताना सुमारे ८०५ एकर होते. २००५ नंतर मोठ्या प्रमाणावर फवारणी झाली आणि थोड्याच वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक गवत नाहीसे झाले. येथपर्यंत ही कथा सरळ यशाची आहे.

परंतु या दलदलीत आणखी एक रहिवासी होता. रिजवेज रेल हा पाणकोंबडीच्या कुळातला, कोंबडीएवढा, उडण्यापेक्षा धावण्यावर भर देणारा पक्षी. (२०१४ पर्यंत तो कॅलिफोर्निया क्लॅपर रेल म्हणून ओळखला जाई.) १९७० पासून तो अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. त्याच्या मूळच्या दलदली माणसाने हिरावून घेतल्या होत्या. जी थोडी जागा उरली, तेथे उंच, दाट संकरित गवत आले तेव्हा त्या पक्ष्याने त्याचाच आसरा घेतला. मोठ्या भरतीच्या वेळी शिकारी पक्ष्यांपासून लपायला आणि घरटे करायला त्याला ते सोयीचे ठरले. गवत गेले आणि त्या जागी पक्ष्यांची संख्याही लक्षणीय घटली. संपूर्ण उपसागरात ज्याची संख्या हजार-बाराशेच्या घरात होती, अशा पक्ष्याच्या बाबतीत ही घट गंभीर होती. २०११ मध्ये केंद्रीय वन्यजीव खात्याने अकरा ठिकाणी गवत काढण्याचे काम थांबविले.

ही कोंडी नीट समजून घेतली पाहिजे. एका बाजूला स्थानिक गवताचे अस्तित्व आणि चिखलावर जगणारे पक्षी होते, तर दुसऱ्या बाजूला संकरित गवतावर विसंबलेला संकटग्रस्त पक्षी. दोन्ही बाजू संवर्धनाच्याच होत्या, दोन्हींच्या पाठीशी कायदा होता. थांबावे तर उरलेल्या गवताचे बी साफ झालेल्या जागी पुन्हा जाणार. पुढे जावे तर पक्षी उघड्यावर पडणार.

मार्ग निघाला तो वेग बदलून. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अ‍ॅडम लॅम्पर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताच्या आधारे असे मांडले, की गवत शक्य तितक्या झटपट काढणे नेहमीच योग्य नसते; स्थानिक वनस्पती वाढायला वेळ लागतो, म्हणून काढण्याचा वेग त्या वाढीशी जुळवून घेतला तर गवतही जाते आणि पक्षीही टिकतो. प्रत्यक्षातही स्थानिक स्पार्टिना आणि ग्रिंडेलिया नावाचे झुडूप यांची मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू झाली. पक्ष्यांना भरतीच्या वेळी चढून बसता यावे म्हणून मातीचे उंचवटे आणि तरंगते आसरे तयार करण्यात आले. थांबविलेल्या काही ठिकाणी पुढे काम टप्प्याटप्प्याने पुन्हा हाती घेण्यात आले.

पहिल्या पिढीने चिखलाला रिकामे समजून गवत लावले. दुसऱ्या पिढीने गवताला रिकामे समजून ते काढले. दोन्ही वेळा राहून गेलेला प्रश्न एकच होता.

चीनचा किनारा

चीनमध्ये हीच कथा फार मोठ्या प्रमाणावर घडली. १९६३ मध्ये तेथे स्पार्टिना अँग्लिका आणि १९७९ मध्ये अमेरिकेतून स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा आणण्यात आले. या कामात नानजिंग विद्यापीठाचे प्राध्यापक चुंग चुंग-शिन यांचा पुढाकार होता. वादळांनी झिजणारा किनारा, जमिनीची टंचाई आणि चाऱ्याची गरज या खऱ्या अडचणी होत्या आणि हे गवत त्यांवरचा स्वस्त उपाय होता. त्याने गाळ धरला, किनारा राखला, हेही खरे. परंतु २०१५ पर्यंत ते सुमारे ५४,५०० हेक्टरांवर पसरले होते. चिखलावरची शिंपल्यांची शेती, बोटींचे मार्ग आणि सैबेरिया ते ऑस्ट्रेलिया प्रवास करणाऱ्या पक्ष्यांचे मुक्काम त्याखाली गेले.

शांघायजवळच्या चोंगमिंग बेटाच्या पूर्व टोकाला २०१३ पासून निराळा उपाय करण्यात आला. गवताच्या क्षेत्राभोवती बांध घालून ते भरती-ओहोटीपासून तोडण्यात आले. फुलोऱ्याच्या सुमारास गवत कापून त्यावर पाणी साठवून ठेवण्यात आले. कापलेल्या खोडातून हवा मिळेनाशी झाली की मुळे गुदमरतात. नंतर तेथे स्थानिक लव्हाळे आणि बोरू लावण्यात आले. तणनाशकापेक्षा हा मार्ग खर्चिक आहे, पण येथे काढणे आणि पुन्हा उभारणे ही दोन्ही कामे आराखड्यातच एकत्र होती. २०२४ मध्ये या जागेचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. दरम्यान २०२२ मध्ये चीन सरकारने देशभरातील ९० टक्क्यांहून अधिक स्पार्टिना २०२५ अखेरपर्यंत काढण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. एवढ्या वेगाने गवत काढल्यावर गाळ धरून कोण ठेवणार, हा प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोच्या अनुभवानंतर अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

समारोप

भाषेचा अध्यापक म्हणून शेवटी शब्दांविषयी थोडेसे. ‘परकीय’ आणि ‘आक्रमक’ हे शब्द आपण वनस्पतीला लावतो तेव्हा दोष वनस्पतीच्या पदरात जातो. वरील चार घटनांपैकी चीन आणि सॅन फ्रान्सिस्को येथे गवताला निमंत्रण देऊन आणले होते. साउदॅम्प्टन आणि विलापा येथे ते आपल्याच मालाबरोबर आले. उर्दूत ‘नाख्वांदा मेहमान’, म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा, असा शब्द आहे. तोही येथे अर्धाच लागू पडतो. शिवाय हेच स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा आपल्या मूळ घरी, लुइझियानाच्या खचत चाललेल्या किनाऱ्यावर, आजही मुद्दाम लावले जाते आणि तेथे ते किनाऱ्याचा आधार आहे. म्हणजे चांगले-वाईट ठरते ते गवताच्या कुळावरून नव्हे, तर ते कोठे आहे, किती आहे आणि तेथे आधीपासून कोण जगत आहे, यावरून. वर्गात हे शब्द वापरताना एवढा खुलासा अवश्य करावा, कारण वनस्पतींसाठी वापरलेली भाषा वनस्पतींपुरती राहत नाही.

आपल्या देशातही या धड्याचे एक उदाहरण आहे. ते किनाऱ्यावरचे नसले तरी पाणथळ जागेतल्या गवताचेच आहे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ मध्ये गुरे चारण्यास बंदी घालण्यात आली. त्यातून उसळलेल्या संघर्षात गोळीबार झाला आणि काही गावकऱ्यांचे प्राण गेले. पुढे पॅस्पॅलम हे पाणगवत इतके माजले की पक्ष्यांसाठी मोकळे पाणी उरेना. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. वि. स. विजयन यांच्या नेतृत्वाखाली दहा वर्षे केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता, की त्या गवताला आवर घालणाऱ्या म्हशीच होत्या. ज्यांना उपद्रव समजून बाहेर काढले, तेच त्या जागेचे राखणदार निघाले. येथेही आधी विचारायचा प्रश्न नंतर विचारला गेला.

पाणथळ जागेत काही लावण्याची किंवा तेथून काही काढण्याची योजना आपल्या गावी, आपल्या तालुक्यात येईल, तेव्हा आपले विद्यार्थी त्या सभेत बसलेले असतील. ‘येथे आज कोण जगते आणि उद्या ते कोठे जाईल?’ एवढा एक प्रश्न त्यांनी उठून विचारला, तरी हा विषय शिकविल्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.